काडतुसाची मान
प्रस्तावना

रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसलेली गोळी. या चारही वस्तूंवर जगात भरपूर लिहिलं गेलं आहे. हे पुस्तक त्यांच्यातल्या एका सांध्याविषयी आहे. पुंगळीची मान गोळीला जिथे धरते तो हा सांधा. त्याची लांबी बोटाच्या पेराएवढीही नसते. गोळी किती खोल बसवायची आणि मान किती आवळायची, एवढे दोनच प्रश्न तिथे उभे राहतात. अमेरिकेत, फिनलंडमध्ये, ऑस्ट्रेलियात घरच्या बाकावर रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणारे लोक या दोन प्रश्नांवर वर्षानुवर्षं वाद घालतात. आपल्याकडे हा छंद घरी करता येत नाही. तरीही या सांध्याचा सगळ्यात मोठा इतिहास आपल्याच देशात घडला, आणि त्यातला काही भाग मी जिथे बसून हे लिहितो आहे त्या लखनौच्या निशातगंजपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आधी सांधा काय काम करतो ते पाहू, म्हणजे पुढची गोष्ट हवेत राहणार नाही.

घोडा दाबला की टोपीवर आघात होतो, ठिणगी दारूत शिरते आणि दारू जळू लागते. त्या क्षणी गोळी जागची किती चिवटपणे हलत नाही यावर पुढचं अवलंबून असतं. मान सैल असेल तर दाब पुरता चढण्याआधीच गोळी निसटते आणि दारू हवी तशी जळत नाही. दहा काडतुसांपैकी चारांची मान घट्ट आणि सहांची सैल असेल, तर दहा गोळ्या दहा वेगवेगळ्या वेगांनी निघतात. पन्नास मीटरवर हा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही. तीनशे मीटरवर मात्र कागदावरची भोकं उभ्या रेषेत पसरलेली दिसतात, आणि नेमबाज आपल्या श्वासाला दोष देत बसतो.

खोलीचं गणित याहून नाजूक आहे. गोळी पुंगळीतून जास्त बाहेर ठेवली तर काडतूस नळीत सरकवताना ती थेट नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना जाऊन टेकते. मग तिला सुरुवातीची थोडी मोकळी धाव मिळत नाही, ती आट्यांत रुतून बसते आणि दाब एकदम चढतो. फार आत दाबली तर दारूची जागा कमी होते. मोठ्या रायफलच्या ऐसपैस पुंगळीत त्याने फारसं बिघडत नाही, पण छोट्या पुंगळीत दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. म्हणून अनुभवी माणूस काडतुसाची लांबी गोळीच्या टोकापासून मोजत नाही. मऊ शिशाच्या टोकांत दोन गोळ्या सारख्या नसतात. गोळीचा फुगीर भाग जिथे आट्यांना पहिल्यांदा भिडतो तिथून तो माप घेतो, आणि ते माप हजारांश इंचात असतं.

राहिला मान आवळण्याचा प्रश्न. इंग्रजीतला 'क्रिंप' हाच शब्द आपल्याकडच्या जाणकारांतही चालतो, मीही तोच वापरला आहे. यात पुंगळीचं तोंड गोळीवर आतल्या बाजूला वळवतात किंवा नुसतं दाबून बसवतात. हे करावंच लागतं अशा जागा ठरलेल्या आहेत. नळीखालच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात. स्प्रिंगचा रेटा आणि प्रत्येक बाराचा धक्का यांनी गोळी पुंगळीत ढकलली जाऊ नये म्हणून तिथे मान आवळतात. मोठ्या शिकारीच्या जबर धक्क्याच्या रायफलीतही आवळतात, कारण एक बार उडाला की मॅगझिनमधल्या उरलेल्या काडतुसांना हादरा बसतो आणि गोळ्या जागा सोडू पाहतात. लष्करी काडतूस तर वाहनात आदळतं, चिखलात पडतं, मशीनगनच्या पट्ट्यातून ओढलं जातं, त्यामुळे तिथे आवळणं अनिवार्यच. अशा गोळीच्या अंगावर कमरेसारखी एक खाच कोरलेली असते आणि पुंगळीची कड त्या खाचेत बसते. वरून लाख किंवा डांबरासारखा लेप देऊन ओल रोखतात.

लक्ष्यभेदाच्या रायफलीत एकेक काडतूस हाताने भरणाऱ्याला मात्र क्रिंपची गरज बहुधा नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. खाच नसलेल्या गोळीवर मान आवळली तर गोळीचंच अंग दबतं. अचूकतेसाठी केलेल्या गोळीला आपण स्वतःच इजा करून नळीत पाठवतो. मानेची नैसर्गिक पकड सर्व काडतुसांत सारखी ठेवणं हे त्याहून कठीण आणि त्याहून उपयोगाचं काम आहे. त्यासाठी पुंगळ्या एकाच लांबीला कापाव्या लागतात, मानेचं पितळ वेळोवेळी तापवून मऊ करावं लागतं. हे कष्ट चुकवायचे म्हणून क्रिंपचा आधार घेणारे बरेच आहेत. आणखी एक घाई म्हणजे गोळी बसवणं आणि मान आवळणं एकाच दाबात उरकणं. गोळी अजून खाली सरकत असतानाच तोंड आत वळू लागतं, मग कड गोळीचं अंग खरवडते किंवा पुंगळीचा खांदा फुगतो, आणि ते काडतूस नळीत अर्धवट अडकतं. दोन कामं दोन दाबांत करावीत, यावर जुने-नवे सगळे एकमत आहेत. या विषयात इतकं एकमत दुसऱ्या कशावरही नाही.

घरी काडतूस भरण्याचा हा धंदा पितळी पुंगळीबरोबरच सुरू झाला. 1873 च्या रायफलसाठी विंचेस्टर कंपनी स्वतःच पुंगळी भरायची हत्यारं विकत असे. गाव दूर, दुकान त्याहून दूर, म्हणून रिकामी पुंगळी फेकून देणं कोणाला परवडत नव्हतं. 1884 मध्ये जॉन बार्लोने न्यू हेवनला 'आयडियल' नावाने सांडशीसारखी हत्यारं काढली. 1943 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला फ्रेड हंटिंग्टनने सुरू केलेल्या कारखान्याची दाबयंत्रं आज जगभर दिसतात. 1958 मध्ये रिचर्ड लीने हातोडीने ठोकायचं स्वस्त हत्यार बाजारात आणलं. यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुंगळीच्या बुडातली टोपी दोन प्रकारची असते. इंग्रज कर्नल बॉक्सरच्या रचनेत मध्यभागी एकच छिद्र असतं, म्हणून जुनी टोपी सुईने सहज काढता येते. अमेरिकन हायरम बर्डनच्या रचनेत बहुधा दोन बारीक छिद्रं बाजूंना असतात आणि टोपी काढणं वैतागाचं होतं. पुढे अमेरिकेने इंग्रजाची टोपी उचलली आणि ब्रिटिश लष्कराने .303 काडतुसासाठी अमेरिकनाची. घरी भरणं अमेरिकेत का फोफावलं आणि ब्रिटिश लष्करी परंपरेत का रुजलं नाही, याची बरीच कारणं आहेत, पण त्या दोन छिद्रांचा वाटा लहान नाही.

आता भारताकडे वळू.

1857 च्या काडतुसात पितळ नव्हतंच. एन्फील्डच्या 1853 च्या नमुन्याची रायफल .577 इंच व्यासाची, तोंडाकडून ठासायची होती. तिचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी: एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी, तीही उलटी, टोक दारूकडे केलेली. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळीकडचं टोक नळीच्या तोंडात घालायचं, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने ठासायचं. गोळीभोवतीचा कागद आत राहायचा आणि त्याला मेण-चरबीचा लेप असायचा, म्हणजे गोळी आट्यांतून घसरत खाली जाईल आणि नळीत साचलेली काजळी चिकटणार नाही. बार उडाला की गोळीचं पोकळ बूड फुगून आटे पकडायचं. पुढे पितळेची मान जे काम करणार होती ते इथे तेलकट कागद करत होता. गोळी बसवणारा कारखाना नव्हता, प्रत्येक बाराला तो स्वतः शिपाई होता.

चरबीची कथा सर्वांना माहीत आहे. जानेवारी 1857 मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात एका मजुराने ब्राह्मण शिपायाला त्या चरबीवरून टोमणा मारला, ती बातमी लेफ्टनंट राइटने वर कळवली. पण त्यानंतर सरकारने काय केलं याकडे या पुस्तकाच्या वाचकाने लक्ष द्यावं. जानेवारीच्या अखेरीस हुकूम निघाला की काडतुसं लेपाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचा लेप बाजारातून घेऊन स्वतः लावावा. पुढे दातांऐवजी हाताने फाडायची कवायतही आली. म्हणजे साम्राज्याने काडतुसाचा निम्मा कारभार शिपायाच्या हाती परत दिला. तोवर उशीर झाला होता. फेब्रुवारीच्या अखेरीस बेऱ्हामपूरला 19 व्या पलटणीने ज्या काडतुसांना हात लावायचं नाकारलं, ती जुन्या बंदुकीची, लेप नसलेली होती. संशय आता कागदाच्या चकाकीवर आला होता. 24 एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या 90 स्वारांपैकी 85 जणांनी काडतुसं घ्यायचं नाकारलं, तीही जुन्याच प्रकारची होती. चरबी खरोखर कोणाची होती हा वाद इतिहासकारांनी पुष्कळ घातला आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की काडतूस कोणी, कुठे, कशाने बनवलं हे शिपायाला माहीत नव्हतं आणि सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. आज आपल्या बाकावर पुंगळी भरणारा अमेरिकन निवृत्त शिक्षक जे समाधान विकत घेतो, म्हणजे आत काय आहे ते मला ठाऊक आहे, नेमकं तेच 1857 च्या शिपायाकडे नव्हतं.

मराठीत ही बातमी पोचली ती भिक्षुकाच्या तोंडून. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी छापलं. त्यात काडतुसांची हकिगत येते ती रस्त्यावर भेटलेल्या माणसांकडून ऐकलेली. दारूगोळ्याच्या इतिहासात अशा ऐकीव हकिगतीला जागा नसते, पण अफवा कशी चालत होती हे कळायला ती शंभर सरकारी पत्रांपेक्षा उपयोगी आहे.

लखनौची गोष्ट अधिक थेट आहे. शहराच्या पश्चिमेला मूसाबागेत असलेल्या सातव्या अवध पलटणीने 2 मे 1857 ला काडतुसं नाकारली. मेरठ पेटायला अजून आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स तोफा आणि फौज घेऊन तिथे गेला. पलटण समोर उभी असताना एका गोलंदाजाने चुकून तोफेची बत्ती पेटवली, आणि बरेच शिपाई शस्त्रं टाकून पळाले. त्या तोफा भरलेल्या होत्या.

पुढच्या वेळी तशा नव्हत्या. 30 मेच्या रात्री गोमतीच्या उत्तरेकडची मडियांवची छावणी उठली. 30 जूनला लॉरेन्स फैजाबादच्या रस्त्याने चिनहटकडे गेला, तिथे हरला आणि उन्हात माघारी पळत सुटला. वाटेत कुकरैल नाल्यावरचा पूल लागतो. निशातगंजहून बादशाहनगर ओलांडून याच रस्त्याने गेलं की आजही तो नाला आडवा येतो. त्याच्या काठावरची अकबरनगरची वस्ती 2024 मध्ये पाडली गेली. त्या पुलावर लॉरेन्सने तोफा रोखून उभ्या केल्या आणि गोलंदाजांना पेटती बत्ती हातात धरायला सांगितलं. तोफांसाठी दारूगोळा उरलाच नव्हता. पाठलाग करणारं घोडदळ थबकलं, आणि दमलेली फौज लोखंडी पुलावरून रेसिडेन्सीत पोचली. चौथ्या दिवशी, 4 जुलैला, तोफगोळ्याच्या जखमेने लॉरेन्स मेला. दोन महिन्यांत दोनदा बत्ती पेटली. एकदा आत गोळा होता, एकदा नव्हता, आणि समोरच्याला दोन्ही वेळा तो आहे असंच वाटलं.

निशातगंजच्या इतिहासात कागदाचाही एक धागा आहे, तो मला सोडवत नाही. इथली पेपर मिल कॉलनी ज्या गिरणीमुळे ओळखली जाते ती अप्पर इंडिया कूपर पेपर मिल 1879 ची. तिला नाव मिळालं ते सर जॉर्ज कूपरचं. तो तेव्हा वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर आणि अवधचा चीफ कमिशनर होता, आणि 1857 मध्ये लॉरेन्सचा सचिव म्हणून रेसिडेन्सीच्या वेढ्यात होता. कागदी काडतुसाने ज्याच्या डोक्यावर वेढा आणला, त्याच्या नावाने वीस-बावीस वर्षांनी कागदाची गिरणी उभी राहिली. तोवर कागदी काडतूस कालबाह्य झालं होतं. 1866 मध्ये एन्फील्डच्याच नळीला मागून उघडणारा स्नायडरचा खटका बसला आणि बॉक्सरची धातूची पुंगळी आली. 1869 मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. आज तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातच मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आहे. ती 1 ऑक्टोबर 2021 ला स्थापन झाली. खडकीच्या पुंगळीच्या बुडावर 'के एफ' ही दोन अक्षरं कोरलेली असतात. जगभरचे जुन्या .303 चे शौकीन ती ओळखतात.

धातू आला म्हणून सांध्याचा प्रश्न सुटला नाही. उलट त्याने भारतात एक नवं रूप घेतलं, आणि माझ्या मते या सगळ्या पुस्तकातलं तेच सर्वात सुरस प्रकरण आहे.

पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली मंदावायच्या. मग काडतुसांच्या पेट्या छपराखाली ठेवायच्या, आणि छप्पर म्हणजे बऱ्याचदा घोड्यांचे तबेले. पाऊस ओसरल्यावर पेट्या उघडल्या की कित्येक पुंगळ्या तडकलेल्या निघायच्या. कोणी हात लावलेला नाही, कुठे आपटलेल्या नाहीत, गंज चढलेला नाही, तरी पितळ उभं फाटलेलं. बहुतेक तडे एकाच जागी असायचे: मानेशी, जिथे पुंगळी गोळीवर आवळलेली असते तिथे. ऋतूबरोबर येतात म्हणून याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले. सदोष पितळ, हलगर्जी कामगार, भारताची हवा, असे सगळे आरोप झाले. उलगडा व्हायला 1921 उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी दाखवलं की दोन गोष्टी एकत्र आल्या तरच हे घडतं. पुंगळीचं पितळ, ज्यात सुमारे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं, थंड अवस्थेतच ओढून आकाराला आणलेलं असतं, त्यामुळे त्याच्या आत ताण अडकून राहतो. मान आवळताना त्यात आणखी भर पडते. दुसरीकडे घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो आणि ओलसर बंद हवेत साचतो. अमोनिया ताण असलेल्या पितळेच्या कणांमधल्या सीमा पोखरतो, आणि आतला ताण तो तडा पुढे पुढे फाडत नेतो. ताण नसेल तर अमोनिया एकटा फार काही करू शकत नाही, आणि अमोनिया नसेल तर ताण वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो.

धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण जगभर शिकवलं जातं. ताण आणि रसायन मिळून होणाऱ्या तड्यांच्या अभ्यासाची सुरुवात इथून मानतात, आणि पुढे हीच दृष्टी बॉयलरांच्या, पाइपांच्या, विमानांच्या बिघाडांना लागू पडली. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र 'भारतातील ब्रिटिश सैन्य' एवढ्या तीन शब्दांत भारत येऊन जातो. तबेला कुठला, पाऊस कुठला, याचं कोणाला देणंघेणं नाही.

उपाय साधा निघाला. पुंगळी बेताच्या आचेवर तापवायची, म्हणजे पितळ मऊ न पडता आतला ताण सुटतो. मानेला तर वेगळी आच देतात, कारण तिने गोळीला धरायचं आहे, ठिसूळ होऊन चालणार नाही. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-पिवळट छटा दिसते ती या आचेची खूण, आणि ती मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे मान तापवली आहे हे तपासणाऱ्याला दिसावं. दुकानातल्या चकचकीत काडतुसावर ती पॉलिश करून घालवलेली असते. ताण उरला आहे का हे पाहायला कारखाने नमुन्याच्या पुंगळ्या पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणात बुडवत. ताण असेल तर पितळ तिथल्या तिथे तडकायचं. पावसाळ्यात महिन्यांनी जे घडत होतं ते अशा रीतीने मिनिटांत घडवून बघता येऊ लागलं.

घरी पुंगळी भरणाऱ्यालाही हा धडा लागू आहे, जरी त्याच्याकडे घोडा नसला. प्रत्येक वेळी बार उडाला, पुंगळी पुन्हा आकाराला आणली, मान आवळली, की पितळ थोडं अधिक कडक होतं. पाच-सहा फेऱ्यांनी मान तडकू लागते, आणि तडकण्याच्या आधी तिची पकड बदललेली असते. म्हणून गंभीर लोक मान ठरावीक फेऱ्यांनी तापवतात. फरशी पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो हे त्यांना पाठ असतं, आणि पितळ चमकवण्यासाठी त्यातला एखादा वापरणाऱ्या नवशिक्याला ते ओरडतात. त्या ओरडण्याच्या मागे कुठल्या देशाचे तबेले आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

आता कायद्याबद्दल, मोजक्या शब्दांत पण आडपडदा न ठेवता. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि रिकामी पुंगळी पुन्हा भरणं हे बनवणंच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षं आहे, कमाल जन्मठेप. उत्तर प्रदेशात बसून हे लिहिताना मला त्यामागचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत गुन्ह्याच्या बातमीत '315 बोअर' आणि 'खोखा' हे शब्द ठरलेलेच असतात. खोखा म्हणजे रिकामी पुंगळी. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 ची रायफल इथे परवानेदारांत लोकप्रिय, म्हणून चोरून बनवलेले तमंचेही त्याच मापाचे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची 'हर्ष फायरिंग'ची खोड इतकी जुनी, की त्याच 2019 च्या दुरुस्तीत तिला स्वतंत्र गुन्हा करून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवावा लागला. अशा ठिकाणी घरोघरी पुंगळी भरायची मुभा द्या असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतला बाक इथे आणून ठेवता येत नाही.

महाराष्ट्रात घरच्या घरी बार भरणारा एक वर्ग मात्र कायद्याच्या आत राहून उरला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. रानडुक्कर भातात शिरलं की त्या बाहेर येतात. दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, आणि गज. इथे पुंगळी नाही, मान नाही, आवळणंही नाही. पकड सगळी बोळ्याची आणि ठासणाऱ्याच्या मनगटाची. किती ठासलं हे एकेकाच्या हाताला माहीत असतं, आणि दुसऱ्याने भरलेली बंदूक शहाणा माणूस उडवत नाही. शिपायाची एन्फील्ड आणि ही बंदूक यांच्यात रचनेचं अंतर फार नाही. माणसांमधलं अंतर मोठं आहे: इथे आत काय घातलं आहे हे उडवणाऱ्याला ठाऊक असतं.

दुसऱ्या टोकाला आपले ऑलिंपिक नेमबाज आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्य मिळवलं. दोघांच्या रायफली .22 च्या. या काडतुसाचं स्फोटक मिश्रण वेगळ्या टोपीत नसतं, पुंगळीच्या बुडाच्या वळवलेल्या कडेत असतं. एकदा आघात झाला की ती कड चेपते, पुंगळी पुन्हा भरता येत नाही. गोळीचं मागचं टोक बारीक करून पुंगळीत घालतात आणि कारखान्यातच तोंड आवळतात. इथे नेमबाजाच्या हातात सांधा बदलण्याचं काहीच नसतं, फक्त निवड असते. म्हणून वरच्या पातळीचे नेमबाज किंवा त्यांचे प्रशिक्षक नळी पकडीत घट्ट बसवून एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं झाडून पाहतात. ज्या लॉटची भोकं सर्वांत जवळ पडतात तो लॉट हंगामासाठी विकत घेतात. डब्यावरचं नाव तेच, किंमत तीच, पण एका दिवसाच्या उत्पादनातली मानेची पकड दुसऱ्या दिवशीच्या पकडीहून वेगळी निघते. ज्या गोष्टीत हात घालता येत नाही, तिची निदान पारख करायची, एवढाच मार्ग उरतो.

या पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिला भाग कागदी काडतुसाचा. दुसरा पितळ आणि पावसाळ्याचा, तो सर्वांत लांब झाला आहे आणि मी तो कापलेला नाही. तिसरा परदेशातल्या घरच्या बाकांचा. त्यात गोळी बसवणं आणि मान आवळणं यांची तत्त्वं आकृत्यांसह आहेत, पण दारूच्या वजनाचा एकही तक्ता दिलेला नाही. कायद्याचं कारण वर आलंच आहे, शिवाय असे तक्ते एका दारूला, एका गोळीला आणि एका नळीलाच खरे असतात. ते उत्पादकाच्या चालू पुस्तिकेत पाहायचे असतात, जुन्या पुस्तकातून उतरवून घ्यायचे नसतात. चौथा भाग कारखान्यांचा आणि खेळाचा, लहान. मोजमापं इंचात ठेवली आहेत कारण या धंद्यातली हत्यारं इंचातच बोलतात, आणि जिथे मिलिमीटर हवेत तिथे ते शेजारी दिले आहेत.

निशातगंज, लखनौ